अनुदानाच्या मधमाश्या

सूर्यफूल दिसायला राजबिंडं असलं तरी आतून पोकळ निघू शकतं, असं तेलगिरणीवाला म्हणाला, तेव्हा क्षणभर मला वाटलं, हा माझ्याबद्दलच बोलतोय. पण त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. बायकोने आणलेल्या पोत्यात त्याने हात घातला, मूठभर बिया तळहातावर घेतल्या, फुंकर मारली आणि निम्म्या बिया उडून माझ्या चष्म्यावर येऊन आपटल्या.

"वहिनी, यातनं तेल नाही निघायचं," तो म्हणाला. "वारा निघेल. वारा गाळायचं यंत्र माझ्याकडे नाही."

बायको काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा आमच्या घरातलं हवामान बिघडतं.

शेत तिचं. मावशीने तिच्या नावावर केलेला, गावाबाहेरच्या रस्त्यालगतचा जमिनीचा एक पट्टा. त्याच्या दोन्ही अंगांना शेतकरी मंडळाच्या अध्यक्षांची जमीन, त्यामुळे दोन दाढांच्या मध्ये अडकलेल्या शेंगदाण्यासारखा तो पट्टा अध्यक्षांना सलायचा. भेटले की म्हणायचे, "वहिनींना कशाला उन्हातान्हाचा त्रास? द्या मला, मोकळे व्हा." यंदाही बिया पोकळ निघाल्या तर मोकळं व्हायचं, असं आमच्यात ठरलं. ठरलं म्हणजे मी म्हणालो आणि ती गप्प बसली.

माझं चष्म्याचं दुकान आहे. गावाला जवळचं आणि दूरचं दाखवणं हा माझा धंदा. पण बायकोच्या शेतात एकही मधमाशी फिरकत नाही, हे मात्र मला दिसलं नव्हतं. ते दाखवलं शेजारच्या निवृत्त फौजदारांनी. निवृत्त झाल्यापासून गावातल्या प्रत्येक गोष्टीचा ते तपास करतात.

"गुन्हा उघड आहे," शेतात चक्कर मारून आल्यावर त्यांनी जाहीर केलं. "फूल होतं, पराग होता, पण एका फुलाचा दुसऱ्या फुलावर नेणार कोण? मधला माणूस गायब. माश्या आणा! सरकार मधपेट्यांना अनुदान देतं. निम्म्याहून जास्त खर्च सरकारचा."

सरकार आपल्याला काही देतं, ही कल्पनाच मला इतकी नवीन होती, की त्या दिवशी मी दोन गिऱ्हाइकांना एकमेकांचे चष्मे दिले. (दोघांनीही तक्रार केली नाही. उलट एक जण म्हणाला, आता बरं दिसतंय.)

मी आणि बायको कृषी कार्यालयात गेलो. तिथे खिडकीत जो कारकून बसतो त्याला सगळा गाव 'उद्या' म्हणतो. त्याच्या आईवडिलांनी त्याचं दुसरं काही नाव ठेवलं असेल, पण ते कधी वापरायची पाळी आली नाही.

"शेतकरी कोण?" उद्याने विचारलं.

"मी," मी छाती काढून म्हणालो.

"जमीन कोणाच्या नावावर?"

"हिच्या."

"म्हणजे शेतकरी या. मग तुम्ही कोण?"

आता याचं काय उत्तर देणार? बाजारपेठेत माझ्या नावाची पाटी आहे, रात्री ती लाल-हिरवी लुकलुकते. पण उद्याने थोडा विचार केला आणि अर्जावर माझ्या नावापुढे लिहिलं, 'शेतकऱ्याचा नवरा.' लिहायला पेन माझ्याच खिशातलं घेतलं, हे मला जास्त लागलं.

"मधमाश्या पाळायचा अनुभव?"

"नाही."

"मग पेट्या कशा मिळणार?"

"अहो, पेट्याच नाहीत तर अनुभव कसा येणार?"

"तो शेतीचा प्रश्न झाला," उद्या शांतपणे म्हणाला. "हे कार्यालय आहे."

भिंतीवरच्या फळ्यावर आजवरच्या लाभार्थ्यांची नावं लावली होती. मी चष्मा पुसून पाहिलं. वरपासून खालपर्यंत एकच आडनाव. अध्यक्ष, अध्यक्षांची पत्नी, मुलगे, सुना, मध्येच जरा चव बदलावी म्हणून मेहुणा, आणि पुन्हा पुतणे.

"हे सगळे एकाच घरातले?" मी विचारलं.

"शेतकरी वेगवेगळे आहेत. एका घरात राहतात, हा त्यांचा खासगी मामला."

"आणि हे? हे तर अध्यक्षांचे वडील. ते वारले ना?"

"वारले म्हणून काय शेती बंद ठेवायची?"

बायको खिडकीशी जरा पुढे सरकली. "अनुदान मिळतं कसं, ते सांगा," ती म्हणाली.

उद्याने सांगितलं ते असं: आधी पेट्या आणि माश्या स्वखर्चाने आणायच्या. मग वरून साहेब येऊन तपासणी करणार. मग अनुदान. पण साहेब आजवर कधी आले नाहीत. त्यांच्याऐवजी अध्यक्ष 'माश्या पाहिल्या' असं पत्र देतात आणि त्यावर भागतं. तेव्हा तुम्ही अध्यक्षांचं पत्र आणा.

"मला पत्र नको," बायको म्हणाली. "मला तपासणी हवी. तसं अर्जावर लिहा, आणि पोच द्या."

मागच्या टेबलावरचा माणूस जागा झाला. तपासणी टाळण्यासाठी लोक काय काय करतात, ते उद्याने जन्मभर पाहिलं होतं. तपासणी मागणारं माणूस तो पहिल्यांदाच पाहत होता. त्याने पोच दिली. माझं पेन परत द्यायला मात्र विसरला.

मग आम्ही डोंगराकडच्या एका मधपाळाकडून माश्यांसकट दोन पेट्या विकत आणल्या. मधपाळ स्वतः आला, पेट्या शेताच्या कडेला झाडाखाली बसवल्या, सगळं नीट समजावून सांगितलं. बायको ऐकायला पुढे, मी सुरक्षित अंतरावर मागे. योजना अशी होती, की माश्या ती सांभाळणार आणि मी लांबून कौतुक करणार. पण पहिल्याच दिवशी तिच्या मनगटाला माशी चावली आणि हात कोपरापर्यंत असा सुजला, की बांगड्या कापून काढाव्या लागल्या. डॉक्टर म्हणाले, "यांना माशी चावणं चालणार नाही. धोका आहे. पेटीच्या जवळसुद्धा जायचं नाही." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला काही होत नाही. तुम्ही बघा ते."

मला काही होत नाही, हे डॉक्टरांनी कशावरून ठरवलं, कोण जाणे. बहुधा चेहऱ्यावरून.

गावाला बातमी लागायला वेळ लागला नाही आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. औषधांच्या दुकानदाराने सांगितलं, अंगाला लवंगेचं तेल चोळा. चोळलं. माश्यांना ते फार आवडलं असावं, कारण सगळ्या जणी बघायला बाहेर आल्या. केस कापणाऱ्याने सांगितलं, माशी आली की अजिबात हलायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं. राहिलो. माझ्या डाव्या पापणीवर एक माशी बसली, तिने झाडाची नीट पाहणी केली आणि चावली. फौजदार म्हणाले, "तुमचा दरारा नाही. माशी म्हणजे जमाव. जमावाला आवाज द्यावा लागतो." त्यांनी स्वतः येऊन आवाज दिला. त्यानंतर ते बांधावरून, पाटातून आणि अध्यक्षांच्या कांद्यांमधून ज्या वेगाने गेले, तो त्यांच्या वयाला शोभणारा नव्हता. पण सल्ला देणं काही त्यांनी थांबवलं नाही. आता ते कुंपणाबाहेरून देऊ लागले.

डावा डोळा मिटलेला चष्मेवाला ही धंद्याला लागलेली साडेसाती असते. गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "इथेच केलंत का डोळ्यांचं?" एका आजींनी तर माझ्या हातात फळं ठेवली आणि लवकर बरं वाटू दे म्हणून आशीर्वाद देऊन चष्मा दुसरीकडे करायला गेल्या.

पण हळूहळू मला युक्ती सापडली. सगळं संकट घाईचं होतं. भीती वाटली की हात घाई करतो, आणि घाई माशीला खपत नाही. दुकानात भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो, मोठ्या अक्षरांपासून बारीक होत जाणारा. तो मला झोपेतही पाठ आहे. मी पेटीसमोर उभा राहायचो, डब्यातल्या जळत्या गोणपाटाचा थोडा धूर सोडायचो आणि तोंडाने संथपणे तक्ता म्हणायचो: "ट... प, म... र, ल, न..." एका अक्षराला एकच हालचाल. शेवटच्या ओळीपर्यंत पोचलो की पेटी उघडलेली, पाहिलेली आणि बंद केलेली असायची. बायको लांब बांधावर बसून हे सगळं बघायची. एकदा म्हणाली, "आज छान जमलं हो." एवढं एक वाक्य, पण मी ते घरी येईपर्यंत तोंडात चघळलं.

आणि सूर्यफूल उमलायला लागलं. सकाळी माश्या पेटीतून निघायच्या त्या सरळ फुलांवर. परत यायच्या त्या पायांना पिवळे गोळे चिकटवून. मी दुकान जरा उशिरा उघडू लागलो. बायको तर स्वयंपाक करताकरताही माश्यांबद्दल बोलायची. घरातलं हवामान एकदम निवळलं.

तेवढ्यात उद्याचा निरोप आला: वरून तपासणीला बाई येत आहेत. परवा. फक्त आमच्याकडेच नाही. गावात आल्याच आहेत तर सगळ्या लाभार्थ्यांकडे जाणार.

आता पुढे जे घडलं त्यात माझी चूक नव्हती, असं मी आजही म्हणतो. बायको आजही म्हणू देत नाही.

फौजदार कुंपणाबाहेरून म्हणाले, "तपासणी आहे आणि पेट्या अशा कळकट? आमच्या ठाण्यात साहेब यायचे म्हटलं की आम्ही कोठडीसुद्धा रंगवून घ्यायचो." मला पटलं. मी निळा आणि थोडा पांढरा तैलरंग आणला आणि दुपारभर बसून दोन्ही पेट्या लख्ख निळ्या केल्या. रंग उरला. रंग उरला की माणसाला काहीतरी सुचतंच. पेट्या रस्त्याच्या कडेला, येणारीजाणारी माणसं बघणार, तेव्हा मी दोन्ही पेट्यांवर पांढऱ्या अक्षरांत आमच्या दुकानाचं नाव आणि 'नजर साफ, दर माफक' असं लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर रंगाचा वास रस्त्यापर्यंत येत होता. पेटीत चुळबुळ वाढलेली. ऊन चढलं तशा माश्या दारातून भसाभसा बाहेर पडू लागल्या. आधी एका पेटीतल्या, पाठोपाठ दुसरीतल्या. हवेत एक घोंगावणारा काळा ढग तयार झाला, त्याने शेतावर एक घिरटी घातली आणि तो उत्तरेकडे चालू लागला.

"अहो, गेल्या!" बांधावरून बायको ओरडली.

मी स्कूटरवर टांग टाकली. हातात पलंगपोस होता, तो का घेतला ते माहीत नाही. ढग वरून, मी खालून. बाजारपेठेतून जाताना लोक वर बघत होते आणि मग माझ्याकडे बघत होते. औषधवाल्याने शटर ओढलं. केस कापणारा बाहेर येऊन ओरडला, "हलू नका!" मी चालत्या स्कूटरवर होतो. मास्तरीणबाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांतून जाताना पलंगपोसासोबत आणखी एक चादर माझ्या गळ्यात आली. आणि ढग शेवटी उतरला तो नेमका अध्यक्षांच्या अंगणात.

तिथे छपराखाली त्यांच्या अनुदानाच्या पेट्या एकावर एक रचलेल्या होत्या, थेट आढ्यापर्यंत. जुनं, वास नसलेलं, कोरडं लाकूड. माझ्या माश्यांनी एका कडेच्या पेटीची निवड केली आणि माझ्या डोळ्यांदेखत रांग लावून आत गेल्या. दोन्ही पेट्यांतल्या, एकाच पेटीत.

अध्यक्ष झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"या, या," ते म्हणाले. "चादरी विकता काय हल्ली?"

"माझ्या माश्या तुमच्या पेटीत गेल्यात. संध्याकाळी येऊन घेऊन जातो."

"तुमच्या?" अध्यक्षांचा आवाज नेहमीच साखरेत घोळलेला असतो. "त्यांच्या पायात तुमच्या नावाचे तोडे दिसले नाहीत मला. पेटी माझी, जागा माझी. माशी स्वतंत्र आहे, तिला माझ्याकडे बरं वाटलं. मी पाहुण्यांना हाकलत नाही." आणि मग अगदी जिव्हाळ्याने म्हणाले, "उद्या बाई येतील. तुमच्या पेट्या रिकाम्या, माझ्या भरलेल्या. कशाला शोभा करून घेता? जमिनीचं काय ते ठरवून टाकू."

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा बायको पोळपाटावरचं लाटणं थांबवून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "रंगाचा डबा माझ्या डोक्यात घाल, पण बोल." ती म्हणाली, "डबा रिकामा आहे का?" मी म्हटलं, "थोडा आहे." ती म्हणाली, "मग राहू दे, माखेल." आणि आम्ही दोघंही हसलो. हसता हसता तिचे डोळे भरून आले. "विकायचं नाही," ती म्हणाली. "उद्या त्या बाई जिथे जिथे जातील, तिथे तिथे आपण जायचं."

बाई आल्या. मी मोटारीतून उतरणाऱ्या, रुबाब पुढे आणि फाइल मागे अशा बाईंची वाट बघत होतो. या बसने आल्या. उन्हाने रापलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी. मागे उद्या, घाम पुसत. बाईंनी माझ्या पेटीवर हात ठेवला आणि तो निळा होऊन परत आला.

"रंग कधी लावलात?"

"परवा."

"माश्या कधी गेल्या?"

"काल."

"जाणारच," बाई म्हणाल्या आणि हात गवताला पुसला. "कुठे गेल्या?"

"अध्यक्षांकडे," बायको म्हणाली. "तुम्ही तिकडेच जाणार आहात ना? आम्हीही येतो."

उद्या खुदकन हसला आणि कागदावर आमच्या नावापुढे फुली मारायला निघाला. "थांबा," बाई म्हणाल्या. "सगळ्यांकडे जाऊन झालं की लिहू."

अध्यक्षांच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, टेबलावर गार पाण्याच्या बाटल्या होत्या. अध्यक्ष काळ्याभोर कोटात होते आणि अत्तराचा वास त्यांच्याही आधी फाटकापर्यंत येऊन स्वागत करत होता. तपासणीची बातमी पसरल्यामुळे कुंपणाबाहेर गर्दी जमली होती: दूधवाला, भाजीवाली, बस चालवणारा, आणि ज्यांच्या अर्जांना उद्याने वर्षानुवर्षं उद्या दाखवला होता असे कितीतरी. फौजदार गर्दीला मागे सारत होते. त्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं.

"ह्या आमच्या पेट्या," अध्यक्ष लांबूनच म्हणाले. "ती बघा कडेची. काय वर्दळ आहे! मध काढता काढता हात दुखतात."

"उघडा," बाई म्हणाल्या.

"हो, उघडू की. आधी थंड घ्या."

"पेटीतली पोळ्याची एक चौकट बाहेर काढून दाखवा. लाभार्थ्याने स्वतः काढायची, असा नियम आहे."

अध्यक्षांनी मुलाकडे पाहिलं. मुलाला अचानक फोन आला. मेहुण्याकडे पाहिलं, तर तो गर्दीत जाऊन गर्दीसारखा दिसू लागला होता. गाव बघत होतं. शेवटी अध्यक्षांनी कोट झटकला, पेटीजवळ गेले आणि बैलाची पाठ थोपटावी तसे झाकणावर दोन सणसणीत थापटे मारून म्हणाले, "चला, बाहेर या बघू!"

माश्या आज्ञाधारक निघाल्या.

काळा कोट, अत्तर आणि वर थापटे. आणखी काय हवं त्यांना? अध्यक्ष आधी झोपाळ्याकडे धावले, मग उद्याकडे धावले, उद्या त्यांच्यापासून धावला, आणि शेवटी जनावरांना पाणी पाजायच्या हौदात त्यांनी कोटासकट उडी घेतली. पाण्यावर फक्त नाक राहिलं. कुंपणाबाहेर कोणीतरी टाळी वाजवली आणि फौजदारांनी दरडावलं, "शांतता! हे सरकारी काम आहे." मग त्यांनाच हसू फुटलं.

"आता दुसरं कोणी उघडू शकेल?" बाईंनी विचारलं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे जाळी नव्हती, धुराचा डबा नव्हता. माश्या चिडलेल्या. पण तिला जाता येणार नव्हतं, आणि शेत तिचं होतं. मी चष्मा नाकावर नीट बसवला आणि निघालो.

"ट," मी म्हणालो. आणि एक पाऊल टाकलं. "प... म..."

गर्दीत कोणाला वाटलं असेल, हा मंत्र म्हणतोय. मी झाकणाला हात घातला. "र... ल... न..." एक माशी मानेवर बसली आणि चावली. डोळ्यांत पाणी आलं, पण मी 'क' म्हणायचं सोडलं नाही. झाकण उचललं, बाजूला ठेवलं. बारीक अक्षरांच्या ओळीला आलो तेव्हा चौकट माझ्या दोन्ही हातांत होती आणि तिच्यावर माश्या द्राक्षांच्या घडासारख्या लटकत होत्या. आवाज खाली उतरला होता. मी चौकट बाईंसमोर धरली.

बाई इतक्या जवळ वाकल्या, की मला वाटलं, यांना चष्मा लागेल. माश्यांच्या आड चिकटलेला एक पांढराशुभ्र, तळहाताएवढा मेणाचा तुकडा होता.

"हे पोळं कालचं आहे," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "यात मधाचा थेंब नाही. आणि अध्यक्ष, तुमचे हात तर मध काढून काढून दुखतात."

हौदातून बुडबुडे आले.

"माशी कोणाची हे मला सांगता यायचं नाही," बाई म्हणाल्या. "पण मधपाळ कोण, ते दिसलं. चौकट ठेवा आत. सावकाश." मग त्या पेट्यांच्या थप्पीकडे वळल्या. "आता ह्या उघडा."

"बाई, ऊन फार आहे," उद्या घाईघाईने म्हणाला. "राहिलेल्या पेट्या उद्या..."

"आज."

सुनेच्या नावच्या पेटीत कांदे होते. पुतण्याच्या पेटीत जुन्या चपला. मेहुण्याच्या पेटीत रिकाम्या बाटल्या निघाल्या आणि एक भरलेली. ती बघून गर्दीतला मेहुणा गर्दीतूनही नाहीसा झाला. अध्यक्षांच्या पत्नीच्या पेटीत त्यांच्या लग्नात आलेले स्टीलचे डबे, अजून कागदात गुंडाळलेले. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "अगंबाई, इथे होते होय! मी सगळीकडे शोधले." आणि वारलेल्या वडिलांच्या नावच्या पेटीचं झाकण काढलं, तर आत एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. तिने बाईंकडे अशा काही नजरेने पाहिलं, की बाईंनी झाकण हळूच परत ठेवलं.

"निदान यांच्या पेटीत तरी जीव आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांना लिहिता येईना इतकं हसू आलं. मग सगळं गावच हसलं. कित्येक वर्षं त्या फळ्यासमोर मान खाली घालून परत गेलेली माणसं कुंपणाला धरून पोट दुखेपर्यंत हसत होती. भाजीवाली डोळे पुसत म्हणाली, "बाई, माझाही अर्ज आहे हो. तिसऱ्यांदा केलाय." बाई तिथेच अध्यक्षांच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "या. एकेकाने या. उद्या, लिहून घ्या."

उद्याने आयुष्यात पहिल्यांदा आज लिहून घेतलं. त्या वेळी मी पुढे होऊन माझं पेनही परत मागून घेतलं.

संध्याकाळी माश्या आत आल्यावर बाईंच्या समोर मी पेटीचं दार चिंध्यांनी असं घट्ट बंद केलं, की बायकोपर्यंत एकही माशी पोचू नये. पेटी मांडीवर घेऊन स्कूटरच्या मागे बसलो. स्कूटर बायकोने चालवली. मागून अर्धा गाव. बाजारपेठेत औषधवाल्याने शटर वर केलं, मास्तरीणबाईंनी गॅलरीतून आपली चादर परत मागितली, आणि फौजदार सर्वांत पुढे सायकलवर शिट्टी फुंकत रस्ता मोकळा करत होते. रस्त्यावर तशी कोणतीच गाडी नव्हती. मांडीवर पेटी गुणगुणत होती, ती पोटात जाणवत होती. माझी मान सुजून खांद्याला भेटली होती, त्यामुळे ती ताठच होती. पण नसती सुजली तरी त्या दिवशी ताठच राहिली असती.

अनुदान आलं. बायकोच्या नावावर आलं, ते योग्यच. नव्या फळ्यावर दूधवाला आहे, भाजीवाली आहे, बस चालवणारा आहे. एवढी वेगवेगळी आडनावं त्या फळ्याने कधी पाहिली नव्हती. अध्यक्षांच्या पेट्या जप्त होऊन या नव्या लाभार्थ्यांनाच वाटल्या गेल्या. आता ती मंडळी माझ्या दुकानात येतात, चष्म्याला हात लावत नाहीत आणि अक्षरांचा तक्ता पाठ करून जातात. अध्यक्ष मंडळावर नाहीत. सगळं अनुदान त्यांना परत भरायचं आहे, त्यामुळे हल्ली ते झोपाळ्यावर बसतात, पण झोका घेत नाहीत.

परवा सकाळी शेतात गेलो. सूर्यफुलं माना वाकवून उभी होती, इतकी जड झालेली. बायको दाणे दाबून बघत ओळीओळीने फिरत होती. एकही दाणा दबत नव्हता. उशिरा उमललेल्या फुलांवर आमच्या माश्या, भाजीवालीच्या माश्या, दूधवाल्याच्या माश्या, सगळ्या एकत्र कामाला लागल्या होत्या, आणि त्यांचा असा काही कल्ला चालला होता, की दोन ओळींपलीकडून बोललेलं ऐकू येऊ नये. पलीकडून बायको काहीतरी ओरडली.

"काय?" मी ओरडलो.

तिने दोन्ही हात तोंडाशी धरले. "म्हटलं, अध्यक्ष आपल्या बाजूची जमीन विकायला काढताहेत! घ्यायची का?"

मला सगळं स्पष्ट ऐकू आलं होतं. पण मी कानावर हात ठेवला आणि नुसती मान हलवली. ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. बायको मात्र काल दोरी घेऊन पलीकडचा बांध मोजून आली.